थोडक्या पैशात सातारा: एका कंडक्टरबाईकडून

साताऱ्याला फिरायला येणाऱ्याचे पैसे मुख्यतः दोन ठिकाणी जातात, गाडीभाड्यात आणि खोलीभाड्यात. डोंगर बघायचे पैसे कुणी मागत नाही. अजिंक्यतारा शहराच्या डोक्यावर उभा आहे, यवतेश्वरचं पठार हाकेच्या अंतरावर आहे. तरी स्टँडवर उतरलेली माणसं पहिल्या पाच मिनिटांत दिवसभराची जीप ठरवून टाकतात आणि रात्री चौपाटीवर एक पावभाजी तिघांत वाटून खातात.

मी एसटीत वाहक आहे. सज्जनगड, ठोसेघर, बामणोली अशा डोंगराकडच्या गाड्यांवर माझी ड्युटी लागते. राहायला साताऱ्यातच, चिमणपुरा पेठेत. त्यामुळे खाली लिहिलंय ते तिकिटं देता देता बघितलेलं आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन स्वतः हिंडलेलं आहे. चारचाकीवाल्यांनी वाचायला हरकत नाही, पण हे त्यांच्यासाठी नाही.

तारीख आधी, बॅग नंतर

पैसे वाचायला सुरुवात होते ती कॅलेंडरपासून. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कासच्या पठारावर फुलं असतात. त्या काळातल्या शनिवार-रविवारी साताऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. त्याच सुमारास यवतेश्वरच्या घाटातून हिल मॅरेथॉन असते, तेव्हा तर लॉजवाला सांगेल तो भाव. आमच्या जाऊबाईंच्या भाच्याला एका लॉजनं फोनवर एक दर सांगितला आणि बॅगा घेऊन दारात गेल्यावर जवळजवळ दुप्पट मागितला. भांडून काही उपयोग झाला नाही, भाचा आणि त्याचे मित्र, चारही पोरं आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपली. तुमची जाऊ साताऱ्यात नसेल तर मंगळवार-बुधवार धरून या. फुलं वार बघून फुलत नाहीत आणि खोलीचा भाव मात्र वार बघूनच ठरतो.

जुलैत हिरवंगार असतं, पण धुकं इतकं की ठोसेघरला निम्म्या वेळा धबधबा नुसता ऐकू येतो. मला विचाराल तर ऑक्टोबरचे मधले आठवडे सगळ्यात चांगले. पाऊस उघडलेला, धबधब्याला पाणी शिल्लक, हवा धुऊन काढल्यासारखी आणि गर्दी घरी गेलेली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगली थंडी असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी डोंगराच्या वाटेला लागू नका, सकाळी आठच्या आत काय ते चढून घ्या. त्या दिवसांत स्टँडच्या आसपास डोंगराकडच्या बाया करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या असतात, ती मात्र सोडू नका.

यायचं कसं

पुण्यापासून सातारा एकशे दहा किलोमीटरच्या आसपास. स्वारगेटवरून गाड्यांना तोटा नाही. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर बसतं आणि जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे कुठंही जायचं असेल तर अंतराला सहानं भागा, अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण टप्पा धरा आणि दहानं गुणा. एखाददोन रुपये इकडेतिकडे होतील. रिक्षावाल्याशी किंवा जीपवाल्याशी बोलायच्या आधी हा आकडा डोक्यात असला की बोलण्यात वजन येतं.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ च्या पुढं मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा. वयावरून वाद घालण्यात गाडीचा वेळ जातो आणि मागची माणसं तुमच्यावर नाही, माझ्यावर खेकसतात.

‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास मिळतो. तो प्रत्येकाला परवडतोच असं नाही. लांबून येणार असाल, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातून, आणि रोज शंभर-दोनशे किलोमीटर फिरणार असाल तर पुरुषांनी जरूर काढावा. बायकांना निम्म्या तिकिटामुळे बहुतेक वेळा पासाची गरजच पडत नाही. पुण्याहून येऊन नुसतं साताऱ्याच्या आसपास हिंडणाऱ्यानं पासाच्या वाटेला जाऊ नये, पैसे वसूल होत नाहीत.

रेल्वे एसटीपेक्षा बरीच स्वस्त आहे, पण ती जेजुरी, लोणंद, वाठार असा वळसा घालून येते आणि स्टेशन शहराबाहेर माहुलीकडे आहे. वेळ असेल आणि खिशात खरंच कमी असेल तर या रेल्वेनं. स्टेशनबाहेर एकट्यानं रिक्षा करू नका, जरा थांबलं की शेअर रिक्षाला माणसं जमतात.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे नीट वाचा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. डोंगरातल्या गावाला संध्याकाळी जी शेवटची गाडी जाते, ती परत येत नाही. ती तिथंच मुक्काम करते. चालक-वाहक गावातच झोपतात, कधी देवळात, कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत, कधी गाडीतच सीटवर. पहाटे तीच गाडी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं आणि कोर्टकचेरीला निघालेली माणसं घेऊन खाली साताऱ्यात येते. गावाच्या दृष्टीनं ही सोय अगदी बरोबर आहे, कारण गावकऱ्याला सकाळी खाली यायचं असतं आणि संध्याकाळी वर जायचं असतं. पाहुण्याचं गणित बरोबर उलटं. त्याला सकाळी वर जायचं असतं आणि संध्याकाळी खाली यायचं असतं. म्हणून सकाळी वर जाणारी गाडी रिकामी असते आणि संध्याकाळी खाली येणारी गाडी नसतेच.

मागच्या श्रावणातली गोष्ट. कोयना धरणाच्या पाण्याकाठच्या बामणोलीला पुण्याची चार पोरं उतरली.

“ताई, परतीची शेवटची गाडी किती वाजता?”

“हीच.”

“हीच म्हणजे?”

“आत्ता वळवून निघेल ती. यानंतर एक येईल, ती मुक्कामी.”

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. “अजून तर ऊन आहे,” म्हणून बोटीकडे निघून गेली. आमचे चालक साठे मामा चहा पिऊन आले, मी बेल मारली, गाडी वळली. पुढच्या वळणावर आरशात बघून मामांनी ब्रेक दाबला. मागून चौघं चप्पल हातात घेऊन चिखलातून पळत येत होती. गाडीत चढल्यावर साताऱ्यापर्यंत एकही बोललं नाही.

तर स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर तीन गोष्टी विचारायच्या. वर जाणारी पहिली गाडी कधी, खाली येणारी शेवटची कधी, आणि ही गाडी रविवारी किंवा शाळेच्या सुट्टीत धावते का. तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही. डोंगराकडच्या कितीतरी फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी आखलेल्या असतात. दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातल्या काही बंद होतात आणि इंटरनेटवरचं जुनं वेळापत्रक तुम्हाला फाट्यावर उभं करतं. गाडीत बसल्यावर वाहकाला परत एकदा विचारा. आम्हाला राग येत नाही. राग येतो तो पाचशेची नोट काढून वीस-तीस रुपयांचं तिकीट मागितल्यावर. आता मशीनवर मोबाइलनं पैसे घेता येतात, पण घाटात रेंज गेली की मशीन नुसतं फिरत बसतं. सुट्टे ठेवा.

गाडी चुकलीच तर वडाप असतं, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे किती, हे जीपवाल्याच्या मनावर. चढायच्या आधी भाडं विचारायचं आणि पैसे उतरताना द्यायचे.

झोपायला कुठं

स्टँड आणि पोवई नाका या दोन ठिकाणांच्या मध्ये साधे लॉज भरपूर आहेत. आडवारी दोघांची खोली हजाराच्या आसपास मिळायला हरकत नसते. फोनवर सांगितलेला दर मेसेजवर लिहून मागा. खोली बघायच्या आधी पैसे देऊ नका. गरम पाणी किती वाजेपर्यंत, ते विचारा. बरेच जण सकाळी ठरावीक वेळच देतात आणि तुम्ही तर पहाटे गडावर गेलेले असणार.

एक रात्र सज्जनगडावर काढता येते. तिथं भक्तनिवास आहे, समर्थांच्या मठाची शिस्त आहे, आणि ती पाळायची तयारी असेल तरच जा. रात्री गडाचा दरवाजा बंद होतो. मोठ्यानं गाणी, पत्ते, सिगारेट हे काही चालत नाही. पहाटे काकड आरतीला जाग येतेच. गर्दीचे दिवस टाळा, माघात दासनवमीला तर लाखानं माणूस लोटतो. कुटुंब घेऊन येणाऱ्याला यापेक्षा स्वस्त आणि स्वच्छ मुक्काम साताऱ्यात मिळणार नाही, पण याला लॉज समजून येणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं.

पहिला दिवस: गाडीला जवळजवळ काहीच न घालता

पहाटे उठून अजिंक्यतारा. स्टँडवरून राजवाड्याकडे जाणारी गाडी धरायची किंवा सरळ वरच्या रस्त्यानं चालत सुटायचं. राजवाड्यापासून अदालत वाडा दहा मिनिटांवर. त्याच्या बाजूनं वर जाणारी वाट गडाच्या डांबरी रस्त्याला लागते. सावकाश चढलं तरी तासाभरात दरवाज्यात पोचता. वाटेत सातारकर भेटतात, कॅनव्हासचे बूट घातलेले रिटायर्ड मास्तर, ट्रॅक पँटवर स्वेटर घातलेल्या बायका, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. त्यांच्या मागं मागं चालायचं, वाट विचारायचीही गरज नाही.

पहिला दरवाजा अजून चांगला उभा आहे. आत गेल्यावर मारुतीचं देऊळ, महादेवाचं देऊळ आणि प्रक्षेपणाचे टॉवर. टॉवर बघून नाराज होऊ नका, तसंच पुढं मंगळाईच्या देवळाकडे चालत राहा. वाटेत ताराराणींच्या वाड्याची पडझड झालेली जागा लागते. मंगळाईच्या बाजूच्या बुरुजावर जरा टेका. औरंगजेब स्वतः या गडाखाली येऊन बसला होता, डिसेंबर १६९९ पासून. प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. साडेचार महिने गड हटला नाही. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. एक उडाला तो गडाकडे, दुसऱ्यानं तट खाली कोसळला तो मोगलांच्याच अंगावर, आणि त्यांची माणसं ढिगानं मेली. शेवटी दाणागोटा संपल्यावर गड द्यावा लागला. बुरुजावरून खाली बघा आणि तेवढी फौज कुठं कुठं बसली असेल याचा अंदाज करा. आमच्या मोठ्याला इतिहास तिथं कळला, पुस्तकात नाही. समोर यवतेश्वर, इकडं जरंडा, लांब चंदन-वंदन, मागच्या अंगाला सज्जनगड. उन्हाळ्यात गडावर पाण्याचा भरवसा नाही, दोन बाटल्या बरोबर ठेवा. संध्याकाळी जायचं असेल तर अंधार पडायच्या आत खाली उतरा, या डोंगरात बिबट्याचा वावर आहे.

उतरताना ‘चार भिंती’ नावाची जागा लागते, तिथं थांबायचं. सगळं शहर पायाखाली दिसतं आणि रस्ते कसे लांबट पट्ट्यांसारखे डोंगराच्या उताराला धरून गेलेत ते कळतं. म्हणून आमच्याकडे पत्ता सांगताना वरचा रस्ता, खालचा रस्ता असंच सांगतात. या दोन रस्त्यांना जोडणाऱ्या गल्ल्यांच्या चढाला पहिल्या दिवशी पोटऱ्या बोलतात.

दुपारी राजवाडा परिसर. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, १८२४ सालचा. तिथल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. शाळेच्या रजिस्टरात बाबासाहेबांची लहानपणची सही आहे. मुलं घेऊन येणाऱ्यांनी तरी हे ठिकाण चुकवू नये. जवळच नगर वाचनालय आहे, १८५२ पासूनचं. पावसात अडकलात तर तिथं वर्तमानपत्र वाचत बसता येतं. स्टँडजवळ शिवाजी महाराजांचं संग्रहालय आहे, जुलै २०२४ मध्ये लंडनहून आणलेली वाघनखं तिथंच ठेवली होती. ती आता नाहीत, म्हणून रांगही नाही. निवांत बघून होतं.

संध्याकाळी गांधी मैदानावरची चौपाटी. भेळ, पाणीपुरी, डोसे, पावभाजी, कुल्फी. पोट तिथं भरतं, फक्त बसल्या बसल्या दुसरी ऑर्डर देऊ नका, आधी एक चक्कर मारा. ज्या गाड्याभोवती शेजारच्या दुकानातली कामाची माणसं उभी राहून खातायत, तिथं खा.

दुसरा दिवस: ठोसेघर आणि सज्जनगड

हा दिवस माझ्या रूटवरचा, म्हणून जरा जास्त सांगते. दोन्ही ठिकाणं एकाच अंगाला आहेत, बोगद्यातून बाहेर पडलं की. आधी सकाळच्या पहिल्या गाडीनं ठोसेघर. डाव्या खिडकीची का उजव्या असं विचारू नका, घाटात दोन्हीकडून दिसतं. ठोसेघरला तिकीट किरकोळ आहे, ते गावच्या समितीचं असतं, तिथं घासाघीस करू नये. पायऱ्या उतरून गॅलरीवरून धबधबा बघायचा. कठड्याच्या पलीकडे जायचं नाही. दरवर्षी कुणीतरी जातं आणि मग आमच्या गाडीत त्याच्याबद्दलच बोलणं चालू असतं. अंगात दम असेल तर पुढं चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. तिथल्या वाऱ्यात छत्री उघडली की ती तुमची राहत नाही. रेनकोट घाला.

मग अकराच्या आसपास खाली येणारी गाडी मिळाली तर सज्जनगडाच्या फाट्यावर उतरून वर चालत जायचं. पायथ्याच्या वाहनतळापासून पायऱ्या फार नाहीत. ज्यांना खरा चढ हवाय त्यांनी परळी गावातून जुन्या पायऱ्यांनी यावं, तिकडून साडेसातशेच्या वर आहेत. समर्थांनी १६८२ मध्ये गडावर देह ठेवला, त्यांची समाधी देवळाखाली आहे. दर्शन झालं की महाप्रसाद. भात, आमटी, ताक आणि गव्हाची खीर. खीर जाडसर, गुळाची. पंगतीत बसायचं, वाढतील ते खायचं, ताटात टाकायचं नाही आणि ताट स्वतः धुवायचं. पैसे कुणी मागत नाही. पण बाहेर जेवायला जेवढे गेले असते त्यातले निम्मे तरी दानपेटीत टाका. फुकट आहे म्हणून दोनदा रांगेत बसणारी चांगल्या कपड्यातली माणसं मी बघितलीयत.

जेवल्यावर गडाच्या टोकाला धाब्याच्या मारुतीकडे जा. खाली उरमोडी धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. तिथला वारा आणि पोटातली खीर, दोन्ही मिळून झोप येते. झोपा, पण मोबाइलवर गजर लावून. खाली येणारी गाडी थांबत नाही.

या दिवसाचा हिशोब: सातारा-ठोसेघर जाऊन-येऊन पुरुषाला शंभराच्या आसपास, बाईला पन्नास. सकाळचे पोहे-चहा, मधे एक कणीस, दानपेटी. तीनशेत दिवस पार पडतो आणि बाईमाणसाचा त्याहून कमीत.

कास

बामणोलीची गाडी कासवरूनच जाते. फुलांच्या हंगामात जादा गाड्याही सुटतात. पठारावर माणशी शे-दीडशे रुपये शुल्क आहे आणि बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं. ते न करता आलेली माणसं उन्हात उभी राहून आम्हाला शिव्या देतात, एसटीचा त्यात काही संबंध नसताना. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून गर्दी वाढली. म्हणून परत सांगते, आडवारी.

कासला लांबून फोटो काढणाऱ्याला अर्धंच दिसतं. लांबून गुलाबी तेरडा दिसतो, पिवळी सोनकी दिसते, कुठं पांढऱ्या गेंदाचे ठिपके. ठरवून दिलेल्या वाटेवरच उकिडवे बसा आणि कातळावरच्या पाणथळ जागेत बघा. निळसर, बोटाच्या पेराएवढी नाजूक फुलं दिसतील, सीतेची आसवं. दिसायला गरीब, पण झाड मांसाहारी आहे. कातळावर माती वीतभरही नाही, तिच्यात कस नाही, म्हणून हे झाड मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म किडे ओढून घेतं. जवळपास दवबिंदूही असतो, त्याच्या पानांवरच्या चिकट थेंबाला माशी चिकटते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, ती नसेल तर नशिबाला बोल लावू नका. एकाच आठवड्यात सगळं फुलत नाही, दर पंधरवड्याला रंग बदलतो. फुलांत बसून फोटो काढायला रखवालदार हाकलतात, बरंच करतात.

पठारापलीकडे कासचा तलाव. इंग्रजांच्या काळापासून सातारा शहर त्याचं पाणी पितं, पंपाशिवाय, उतारानं आलेलं. आमच्या चिमणपुऱ्यात नळाला येतं ते हेच. म्हणून काठावर चिप्सची पाकिटं टाकणाऱ्याला मी गाडीत सगळ्यांसमोर बोलते.

परतताना वेळ असेल तर यवतेश्वरला उतरा. महादेवाचं जुनं देऊळ आहे आणि घाटाच्या कडेनं कणसं भाजणारे बसतात. तिथून खाली साताऱ्यापर्यंत रस्ता उताराचा आहे, चालत या.

वासोट्याबद्दल बरेच जण विचारतात. बामणोलीतून बोट अख्खी ठरवावी लागते, वनखात्याची परवानगी आणि पावती वेगळी, पावसाळ्यात बंद. दहा-बारा जण असाल तर परवडतं. दोघांनी त्या भानगडीत पडू नये.

गर्दी नको असेल तर

लिंबची बारामोटेची विहीर. सातारा-पुणे रस्त्याच्या बाजूला लिंब गाव, तिथं गाडी जाते. नाही मिळाली तर हायवेवर फाट्यावर उतरून चालायचं. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या घरच्या वीरूबाईंनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. खोली एकशे दहा फूट, व्यास पन्नास. वरून शिवलिंगासारखा आकार. पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीच्या पोटात चक्क दालन आहे, कोरीव खांबांचं. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या, त्यांच्या जागा वर दिसतात. आमराईला पाणी द्यायला केलेली विहीर, पण शाहू महाराज तिथं बसून मसलती करायचे म्हणतात. भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता आत गारवा असतो. दुपारचा रिकामा वेळ घालवायला मला तरी याहून चांगली जागा माहीत नाही. डबा बाहेर बसून खा, आत नाही.

रेल्वेनं परत जाणार असाल तर माहुलीला दोन तास आधी जा. कृष्णा-वेण्णेचा संगम, काठावर विश्वेश्वराचं दगडी देऊळ, आणि शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. पोरांना छत्रपतींपेक्षा कुत्र्याचीच गोष्ट लक्षात राहते.

देगावच्या डोंगरातलं पाटेश्वर मी मुद्दाम शेवटी सांगतेय. तिथं चढून जावं लागतं, झाडी दाट आहे, आणि कातळात कोरलेल्या शेकडो पिंडी आहेत, बोटाएवढ्या ते माणसाएवढ्या. एकट्यानं जाऊ नका. एवढंच पुरे, फार माणसं नकोत तिथं.

महाबळेश्वर?

जा की. पण झोपायला साताऱ्यात या. महाबळेश्वरच्या आगारातून एसटीची दर्शन गाडी असते, पॉइंट फिरवते, प्रतापगडाची वेगळी असते. टॅक्सीच्या मानानं काहीच पैसे नाहीत. सकाळी साताऱ्यातून लवकर निघालात तर ती पकडता येते. पॉइंटवर स्ट्रॉबेरी घेऊ नका, मेढा किंवा वाईकडे उतरताना रस्त्याकडेला घ्या, आणि बॉक्सचा खालचा थर बघून घ्या.

कंदी पेढे घ्यायचे तर मोती चौकात. पाव किलो द्या म्हटलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही, आणि चव बघायला एक हातावर मिळतोच. खवा जास्त भाजलेला असतो, म्हणून रंग तपकिरी आणि टिकाऊ. दोन-चार दिवस बाहेर राहतो, त्याला थर्माकोलचा डबा विकत घ्यायची गरज नाही.

परत निघताना

रविवारी संध्याकाळी हायवेवर उभं राहून पुण्याच्या गाडीला हात करू नका. कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या गाड्या भरूनच येतात आणि दीड-दोन तास उभं राहावं लागतं. तोवर खासगी गाडीवाले दुप्पट भाडं ओरडत असतात. स्टँडवर आत या. सातारा-स्वारगेट विनावाहक गाडी इथूनच सुटते, तिचं तिकीट खिडकीवर आधी मिळतं आणि बसायला जागा नक्की असते. रांग लांब दिसली तरी घाबरू नका, गाड्या एकामागून एक लागतात. पाचच्या आत आलात तर अंधार पडेपर्यंत कात्रजचा घाट उतरलेले असता. बायकांनी निम्मं तिकीट खिडकीवर तोंडानं मागून घ्या, गर्दीत कधी कधी पूर्ण फाडलं जातं आणि ते नंतर बदलून मिळायला फार बोलावं लागतं.